वन्संनी विहिरीत उतरवलेला तराजू

फोन आला तेव्हा मी नाशिकला लेकीच्या घरी मेथी निवडत बसले होते. बदलापूरहून वन्संच्या शेजारीण बोलत होत्या. ‘इंदूताई सकाळी गेल्या,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की पडल्या का? कित्येक वर्षं माझ्या मनात तीच धास्ती होती... एकटी राहणारी म्हातारी बाई, न्हाणीघरातली ओली फरशी, आणि हट्ट असा की हातात काठी म्हणून धरणार नाही. ‘छे हो, पडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या होत्या. चहा अर्धा प्यायलेला होता,’ शेजारीण म्हणाल्या. तेव्हा मला रडू यायच्या आधी हसू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. वस्तू खाली का पडतात याचा विचार करण्यात जिने उभा जन्म घालवला, ती बाई स्वतः शेवटपर्यंत कधी पडली नाही. हे त्यांना सांगता आलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ‘सुमन, नीट बघ. खाली खुर्ची होती म्हणून पडले नाही. खुर्ची काढ, मग बोल.’

इंदूताई म्हणजे माझ्या यजमानांची, वसंतरावांची, मोठी बहीण. मी लग्न होऊन बदलापूरला शिरगावात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि वन्सं सव्वीस वर्षांच्या. देश स्वतंत्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. घरी आम्ही तिघंच. हे अंबरनाथला कारखान्यात टर्नर होते, सायकलवरून जायचे-यायचे. वन्सं मराठी सातवी झालेल्या. पुढे वडील गेले आणि शाळा सुटली. त्यांचं लग्न का झालं नाही याच्या तीन-चार हकिकती नातेवाइकांत फिरत असत आणि त्यातली एकही दुसरीशी जुळत नसे. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं. त्या मशीनवर शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘राहून गेलं,’ आणि पुढची शिवण घातली. मला वाटलं होतं नणंद म्हणजे सासूची धाकटी आवृत्ती असणार. प्रत्यक्षात निघाली ती भाकरी थापता थापता मध्येच थांबून, ‘चंद्र का गं पडत नाही?’ असं विचारणारी. भाकरी करपायची ती माझ्या नावावर.

हे वेड त्यांना लागलं ते बटणांमुळे. आळीतल्या बायकांची पोलकी त्या शिवायच्या, आणि बटणं, हूक, रिळं आणायला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जायच्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ-दहा संसार, आणि जवळपास प्रत्येक संसारापुढे एक दुकान. त्यातलं एक लीलाराम मास्तरांचं होतं. उंच, वाळकुडे, कोट मात्र कायम अंगात. सिंधमध्ये ते हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. येताना पदवीचे कागद कुठल्या तरी धर्मशाळेत राहिले, आणि कागद नाहीत म्हणून शाळा नाही, म्हणून बटणं. त्या दिवशी त्यांनी वन्संना बटणं बांधून दिली ती रद्दीत आलेल्या एका मराठी पुस्तकाच्या पानात. घरी येऊन वन्संनी पुडी सोडली, बटणं वाटीत ओतली आणि सवयीप्रमाणे कागद वाचायला घेतला. पृथ्वी सगळ्याला आपल्याकडे ओढते, चंद्रालासुद्धा ओढते, असं त्यावर होतं. पण मध्ये दोर नाही, हात नाही, हवासुद्धा नाही, मग ही ओढ तिथवर पोचते कशी, असा प्रश्न लेखकाने विचारला होता आणि पान तिथेच संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं पुन्हा कॅम्पात, पुढचं पान मागायला. मास्तरांना मराठी वाचता येत नव्हतं. रद्दी ते वजनावर घेत. पुढचं पान कुणाच्या तरी हुकांबरोबर कुठल्या तरी घरी गेलं होतं. वन्संनी तिथेच उभं राहून त्यांना ते पान वाचून दाखवलं, अडेल तिथे हिंदीत सांगितलं. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी एका गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं आणि म्हणाले, ‘अदी, ये सवाल तो मेरे क्लास में भी किसी ने नहीं पूछा.’ सिंधीत अदी म्हणजे ताई. त्या दिवसापासून दर रविवारी मास्तर आमच्या पडवीत हजर. हे आधी कुरकुरले, पण एकदा पडवीत बसून ऐकायला लागले आणि मग तेही गेले कामातून. तिघं मिळून असे भांडायचे की रस्त्यावरची माणसं दारातून डोकावून जायची.

भांडण साधं होतं. मास्तर म्हणायचे, ओढ पृथ्वीच्या पोटातून येते, तेव्हा जितकं खाली जावं तितकी ती जास्त; माणूस खोल उतरला तर जड व्हायला हवा. वन्सं म्हणायच्या, ‘आणि वर राहिलेली माती काय गप्प बसेल? तीही आपल्याकडे ओढणार. म्हणजे खाली गेलेला माणूस हलका व्हायला हवा.’ मास्तर डोक्याला हात लावायचे. हे दोन्हीकडून बोलायचे. मी चुलीपुढून ऐकत असे आणि मनात म्हणे, ही माणसं लग्नाच्या याद्या करताना सुद्धा एवढी तावातावाने बोलणार नाहीत. पण खरं सांगू? मला त्या रविवारांची वाट बघायची सवय लागली. आमच्या त्या दोन खोल्यांत काहीतरी मोठं चाललं आहे असं वाटायचं.

मोजून बघायची कल्पना सुचली ती पालेगावच्या धाकूबाबांमुळे. त्यांच्याकडून आम्ही वर्षाचे तांदूळ घेत असू. तांदूळ घालायला ते आले, भांडण ऐकलं, आणि पडवीच्या कडेवर टेकून शांतपणे म्हणाले, ‘यान भांडाचा काय? मोट तलाला आसली का बैल जोर जास्त लावतान. वर आली का हलकी व्हते. माजे बैलांना इचारा.’ मास्तरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. बैल त्यांच्या बाजूने होते. वन्संची बाजू पडत होती, पण त्याच जास्त खूश दिसत होत्या. ‘मास्तर, तुम्ही जिंकताय असं दिसतं,’ त्या म्हणाल्या, ‘पण बैलांच्या सांगण्यावर नको. आपण मोजू या.’

धाकूबाबांची विहीर सहा परस खोल होती, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या आणि चैत्र असल्यामुळे पाणी तळाला गेलं होतं. पहिल्या रविवारी आम्ही चौघं वाण्याकडून मागून आणलेला दोन पारड्यांचा तराजू घेऊन गेलो. काठावर एका पारड्यात शेराचं माप ठेवलं, दुसऱ्यात वाळू, आणि काटा अगदी मध्यावर आणला. मग माप आणि वाळूची पुरचुंडी टोपलीतून खाली सोडली आणि हे तराजू घेऊन पायऱ्या उतरले. धाकूबाबा बघत होते. ‘बाय, इहिरीन तराजू कनाला उतरवताव? पानी इकाचा हाय का?’ त्यांनी विचारलं. खालून यांचा आवाज घुमत आला, ‘सारखंच आहे. केसभर फरक नाही.’ वन्संनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सारखं. मास्तरांनी वहीत लिहिलं की वजनात काही फरक पडत नाही, आणि दोघांचंही म्हणणं बुडालं.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. वन्सं खांबाला टेकून बसल्या होत्या, घरात कुणी आजारी असावं तशा. मी आपलं बाजारात ज्या नजरेने तराजू बघते त्या नजरेने विचार करत होते, आणि सहज म्हणाले, ‘पण वन्सं, माप पण खालीच गेलं होतं ना? खाली गेल्यावर वाळू जड होत असेल तर ते लोखंडी मापही तेवढंच जड होणार. मग तराजूला काय कळणार?’ तीन शहाणी माणसं, त्यातला एक शास्त्राचा मास्तर, दुसरा कारखान्यात केसाच्या मापाने लोखंड कातणारा, आणि दिवसभर एका विहिरीत चढ-उतार करूनही हे यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वन्संनी उठून मला मिठी मारली. सूप कलंडलं, तांदूळ सगळीकडे. ‘वसंता,’ त्या ओरडल्या, ‘तुझी बायको बघ काय म्हणते आहे.’ त्या दिवसापासून वही माझ्या हातात आली.

आता हवा होता स्प्रिंगचा काटा, ज्यात दुसरं माप लागतच नाही. मास्तरांनी कॅम्पातून भंगारवाल्याकडून एक मोठी तबकडी असलेला काटा मिळवला, आणि यांनी कारखान्यातल्या हाताने त्याची स्प्रिंग साफ करून, आकडा नवा बसवून दिला. पण पहिल्याच खेपेला काटा घेऊन तळाशी उतरलेल्या यांच्या पायाशी विरोळा, म्हणजे पाण्यातला साप, वळवळला. विरोळा विषारी नसतो हे यांना माहीत होतं, विरोळ्यालाही माहीत होतं, तरी हे तीन पायऱ्या एका ढांगेत वर आले आणि पुन्हा उतरणार नाही म्हणाले. मग युक्ती काढली. काटा मोटेच्या चाकापाशी आडव्या लाकडाला वरच टांगला. काथ्याच्या जाड दोराला वाळूची पिशवी बांधली आणि दोराला हातहातभर अंतरावर फास घातले. पहिला फास काट्याच्या आकड्यात अडकवला की पिशवी काठापाशी. दहावा अडकवला की पिशवी नऊ हात खाली. उरलेला दोर काठावर गुंडाळून ठेवायचा. आता खाली जायला नको, विरोळ्याची भेट नको, आणि काटा डोळ्यासमोर.

आणि काटा सरकला. पहिल्या फासाला दहा शेर. पाचव्याला जरा पुढे. दहाव्याला आणखी पुढे. मी वहीत एकेक आकडा लिहीत होते. तळाशी पिशवी बारा शेरांच्याही वर गेली. ‘पुन्हा,’ वन्सं म्हणाल्या. पुन्हा तेच. घरी येऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक ठिपका दिला, खोली आडवी, वजन उभं. मग यांची पोलादी पट्टी ठिपक्यांवर ठेवली. एकही ठिपका पट्टीच्या बाहेर नव्हता. एवढी सरळ रेघ मी आयुष्यात रांगोळीतसुद्धा काढली नव्हती. मास्तर कोट काढून पडवीत बसले. मी त्यांना बिनकोटाचं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ‘अदी,’ ते म्हणाले, ‘चार साल से बटन बेच रहा हूँ. आज लगा मैं मास्तर हूँ.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वन्सं मात्र रेघेकडे बघत होत्या, पोरी दागिन्याकडे बघतात तसं.

मास्तरांनी मुंबईच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं, रेघेची नक्कल जोडली. महिन्याभराने कार्ड आलं की अमुक रविवारी येतो, प्रयोग दाखवा. ही बातमी शिरगाव ते पालेगाव किती वेळात पसरली ते मी सांगत नाही. बदलापुरात तेव्हा मुलींची एक शाळा नुकतीच निघाली होती. तिचे चिटणीस स्वतः आमच्या घरी आले. सातवीपर्यंतच्या मुलींना शास्त्र शिकवायला बाई मिळत नाहीत, ते म्हणाले. शिकलेल्या बाया इथवर यायला तयार नाहीत. ‘तुमच्याकडे परीक्षा नाही. पण प्राध्यापकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर मी कमिटीपुढे तुमचं नाव ठेवतो. मग कोण नाही म्हणेल?’

त्या आठवड्यात वन्संनी पहिल्यांदाच स्वतःसाठी पोलकं शिवलं, पांढरं, लांब बाह्यांचं. दुपारी पडवीत कुणी नाही असं बघून त्या उभ्या राहायच्या आणि हलक्या आवाजात शिकवायच्या. ‘मुलींनो, हा दगड सोडला तर...’ मी आत भांडी आवाज न करता विसळायची. त्यांना ही नोकरी किती हवी होती हे मला त्या दुपारी कळलं. रात्रंदिवस दुसऱ्यांची पोलकी शिवून भावाच्या घरात राहणं त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मला एवढंच म्हणाल्या, ‘सुमन, इतकी वर्षं मीच प्रश्न विचारते आणि लोक कंटाळतात. कुणीतरी मला विचारावं असं वाटतं गं.’

प्राध्यापक येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही दोघी पालेगावला विहिरीचा काठ झाडायला गेलो. सगळं झाल्यावर वन्सं म्हणाल्या, ‘प्राध्यापक विचारतील, काटा रिकामा असताना शून्यावर असतो का. ते बघून ठेवते.’ पिशवी सोडून ठेवली आणि नुसता दोर आकड्यात अडकवला, पहिल्या फासाला. काटा जवळजवळ शून्यावर. त्यांनी सहज दुसरा फास अडकवला. मग पाचवा. दहावा... पंधरावा... तळापर्यंत. टोकाला काहीच नव्हतं आणि काटा सरकत होता, पिशवी असताना जेवढा सरकायचा अगदी तेवढाच. वन्संनी काठावरून वाकून लोंबता दोर बघितला. मला काही समजेना. ‘अगं, दोराचं वजन,’ त्या म्हणाल्या. ‘जितकी पिशवी खाली, तितका दोर जास्त लोंबतोय, आणि तोही काट्यालाच लोंबतोय. आपण इतके दिवस दोर मोजत होतो.’ आणि मग त्यांना हसू फुटलं. ‘बैल खरंच बोलत होते, सुमन. त्यांना तळाशी जड लागतं ते लांब दोराचं ओझं. आपणच चुकीचं ऐकलं.’

वाटेत मी त्यांना विनवलं. मला ते लपवायचं नाही. मी म्हणाले, ‘उद्याचा दिवस जाऊ द्या. प्राध्यापकांना दोन ओळी लिहू द्या. सोमवारी सांगा.’ घरी हे तर हातच जोडून म्हणाले, ‘ताई, एवढी संधी पुन्हा येणार नाही.’ वन्सं पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं आणि म्हणाल्या, ‘आज सांगितलं तर ती चूक. सोमवारी सांगितलं तर ते खोटं.’ ह्यांनी ताट सरकवलं. रविवारी उजाडताच वन्सं एकट्या चालत कॅम्प पाचला गेल्या, मास्तरांना आधी सांगायला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. मी विहिरीवर पोचले तेव्हा दोघं आलेले होते, मास्तरांनी दोराची गुंडाळी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि कोटाची सगळी बटणं लावलेली होती.

लोक बरेच जमले होते. चिटणीस होते, आळीतल्या बाया होत्या, पालेगावची माणसं होती. प्राध्यापक सुती पँट वर दुमडून बांधावरून चालत आले. कुणी काही बोलायच्या आत वन्सं पुढे झाल्या. ‘आमचा प्रयोग चुकला आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कसा चुकला ते दाखवते.’ आणि रिकामा दोर उतरवून दाखवला, एकेक फास मोजत, जराही न घाबरता. ह्यांनी तोंड फिरवलं. चिटणिसांनी घड्याळात पाहिलं. प्राध्यापकांनी स्वतः उकिडवे बसून चार-पाच फास अडकवून बघितले आणि विचारलं, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. रिकामा उतरवून बघितला.’

प्राध्यापक हसले. म्हणाले, एवढ्या विहिरीत फरक पडत असेल तो इतका बारीक, की हा काटाच काय, त्यांच्या कॉलेजातलं कुठलंही यंत्र तो दाखवणार नाही. मग वन्संनी विचारलं तो प्रश्न, ज्यासाठी मला वाटतं त्या सगळं वर्ष थांबल्या होत्या. मध्ये काहीच नसताना ही ओढ पोचते कशी? मी पाहत होते. प्राध्यापकांनी हातातली माती झटकली. ‘किती ओढते त्याचा हिशेब आम्हाला येतो,’ ते म्हणाले. ‘परदेशात कुणी म्हणतं जागाच वाकते. पण कशी पोचते असं साधं विचाराल, तर बाई, ते पक्कं कुणालाच माहीत नाही. मीही तुमच्याच रांगेत उभा आहे.’

घरी येताना बांधावर वन्सं माझ्यापुढे जवळजवळ धावत होत्या. मला वाटलं, रडणं लपवतायत. मी गाठलं तर चेहरा असा फुललेला. ‘कुणालाच माहीत नाही, सुमन,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं सगळ्या जगाला माहीत आहे आणि मलाच तेवढं पान मिळालं नाही. पुढचं पान कुणाकडेच नाही गं.’ इतकी आनंदात असलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. नोकरी हातातून गेली होती, भाऊ बोलत नव्हता, आणि ही बाई बांधावरून उड्या मारत होती.

कमिटीचं म्हणणं असं पडलं की ज्यांचा प्रयोग गावासमोर चुकला त्यांना वर्गावर उभं करणं बरं दिसणार नाही. निरोप आला त्या दुपारी मी दारातून पाहिलं, मशीन जोरात चाललं होतं आणि सुईखाली कापड नव्हतं. मी आत गेले नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. पुढच्या वर्षी शाळेत प्रयोगाची खोली झाली आणि काचेची भांडी धुवायला, सामान मांडायला बाई हवी होती. वन्संनी ती जागा घेतली. ह्यांना फार लागलं, आपल्या बहिणीने भांडी धुवावीत म्हणून. त्या म्हणाल्या, ‘खोली तर तीच आहे ना.’ कागदोपत्री त्या शेवटपर्यंत मदतनीसच राहिल्या. मास्तरांना मात्र दोन वर्षांनी कॅम्पातल्या एका शाळेत घेतलं. पेढे घेऊन आले तेव्हा त्यांना वन्संकडे बघवत नव्हतं. वन्संनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा मागितला.

रविवार चालूच राहिले. एकदा मास्तरांनी ती वाकलेली जागा समजवायला तिघांना सोबत घेऊन चादर ताणून धरली, मध्ये वरवंटा ठेवला आणि कडेने लिंबू सोडलं. लिंबू गोल फिरत वरवंट्याकडे गेलं. आम्ही थक्क. वन्सं म्हणाल्या, ‘पण मास्तर, वरवंट्याने चादर खाली का दबली? ओढीमुळेच ना? मग तुम्ही ओढ समजावली कुठे?’ मास्तर चादर सोडून खाली बसले. रशियाने आकाशात पृथ्वीभोवती फिरणारा तो गोळा सोडला त्या हिवाळ्यात पहाटे आम्ही सगळे मैदानात माना वर करून उभे होतो. एक ठिपका सरकत गेला, आणि वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. ‘तो पडतोच आहे सुमन,’ त्या म्हणाल्या. ‘पण इतका जोरात पुढे जातोय की पडायला जमीन सापडत नाही. चंद्राचंही तेच.’ करपलेल्या भाकरीचं उत्तर मला सात वर्षांनी मिळालं. पुढे मास्तर गेले, हे गेले. मी लेकीकडे आले आणि वन्सं तिथेच राहिल्या.

गेल्या पंधरवड्यात मी त्यांची खोली आवरायला बदलापूरला गेले होते. सामान ते काय, एका दुपारात आवरलं. मग पाय आपोआप शाळेकडे वळले. आता तिथे मोठी इमारत आहे, जुनं कुणी नाही. कार्यालयात वन्संचं नाव सांगितलं तर नवीन बाईंनी जुनं रजिस्टर काढू का म्हणून विचारलं. मी म्हणाले, नको, नुसती प्रयोगाची खोली बघते. आत आठवीच्या मुलींचा तास चालला होता. दाराजवळच्या टेबलावर एका मुलीने स्प्रिंगचा छोटा काटा स्टँडला टांगला होता. वजनं शेजारी रांगेत ठेवलेली होती, पण तिने त्यांना हात लावला नाही. आधी नुसता दोरा आकड्याला अडकवला, वाकून काट्याकडे बघितलं आणि वहीत वरच्या ओळीत लिहिलं, रिकामं माप.

मी विचारलं, ‘हे गं कशाला?’

‘आधी रिकामं बघायचं असतं, आजी,’ ती म्हणाली. ‘नाहीतर आपल्याला जे हवं असतं तेच दिसतं.’

‘पुस्तकात आहे का असं?’

तिने पुस्तक चाळल्यासारखं केलं, मग मान हलवली. ‘नाही वाटतं. पण इथे सगळ्या असंच करतात. मोठ्या ताया पण.’

कुणी शिकवलं, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगणार होते. नाव ओठांवर आलं होतं, आणि माझा पदर पंख्याच्या वाऱ्याने तिच्या टेबलावर फडफडत होता. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला, डोळे काट्यावर तसेच.

‘आजी, जरा बाजूला व्हा ना. काटा हलतोय.’

मी बाजूला झाले.